पहिली प्रोग्रामिंग भाषा कोणती? आधी ५० जाहिराती मोजा

प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलेल्या माणसाचा पहिला महिना बहुतेक वेळा कोड लिहिण्यात जातच नाही. पायथन घ्यावी की जावा, जावा घेतली तर जावास्क्रिप्टचं काय, आणि सगळे म्हणतात तर थेट रस्टच का नको, यातच तो संपतो. व्हिडिओ बघायला जावं तर प्रत्येकाची लाडकी भाषा वेगळी.

गोंधळ होतो तो प्रश्न चुकीच्या टोकाने धरल्यामुळे. कंपनीला एखादं काम करून हवं असतं आणि त्या कामाची भाषा तुम्ही अर्ज करायच्या कितीतरी आधी ठरलेली असते, कधीकधी वीस वर्षं आधी. म्हणून सुरुवात कामापासून करायची. काम ठरलं की समोर दोन-तीनच भाषा उरतात, आणि त्यांतली कुठलीही उचलली तरी फारसं बिघडत नाही. काम न ठरवता उचललेली भाषा मात्र सहा महिन्यांनी हातात तशीच राहते.

काम आणि भाषा यांची गाठ

ही गाठ लोकांच्या आवडीने पडलेली नाही. तिच्यामागे सहसा एखादं ठोस कारण असतं. ते कळलं की याद्या पाठ कराव्या लागत नाहीत.

वेबसाइटचं उदाहरण घ्या. वेबअसेम्ब्ली (इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवायची सोय) आली असली तरी पानावरची बटणं, फॉर्म, मेनू हलवायला ब्राउझर ज्या भाषेवर चालतो ती जावास्क्रिप्टच. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, आणि त्या घाईच्या खुणा अजून दिसतात. अवतरणचिन्हातल्या १ मध्ये साधा १ मिळवला तर उत्तर ११ येतं, वजा केला तर शून्य. आज हे दुरुस्त का करत नाहीत? कारण जुन्या वेबसाइट मोडतील. मोठ्या टीमना हा ताप नको असतो, म्हणून त्या मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली टाइपस्क्रिप्ट वापरतात. तिच्यात कुठला व्हेरिएबल (किंमत ठेवायची नाव दिलेली जागा) आकडा आणि कुठला मजकूर हे आधीच लिहून ठेवता येतं. वेबच्या पडद्यामागे न जाता पुढचं, म्हणजे फ्रंटएंडचं, काम करायचं असेल तर जावास्क्रिप्टला पर्याय नाही. आधी तीन महिने ती आणि मग टाइपस्क्रिप्ट, हा क्रम सोयीचा पडतो.

मशीनमधल्या चिपवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं कारण तर मोजून दाखवता येतं. अर्डुइनो ऊनो या बोर्डाच्या गाजलेल्या जुन्या आवृत्तीत २ केबी रॅम आणि ३२ केबी फ्लॅश मेमरी असते. पायथनचा लहानात लहान अवतार मायक्रोपायथन, त्यालाही १६ केबी रॅम आणि २५६ केबी जागा लागते. मग तिथे सी वापरतात ती हौस म्हणून नव्हे, दुसरं काही मावत नाही म्हणून. एम्बेडेड, म्हणजे अशा चिपवरच्या सॉफ्टवेअरच्या, क्षेत्रात जायचं असेल तर सी आधी, सी प्लस प्लस नंतर. पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, समजायला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.

डेटाच्या कामात पायथन का? भाषा म्हणून ती संथ आहे. दहा कोटी आकड्यांची बेरीज साध्या लूपने, म्हणजे एकेक आकडा घेत, केली तर तेच काम सीमध्ये कितीतरी पटींनी लवकर होतं. पण नमपायसारख्या लायब्ररीचं (तयार कोडच्या संचाचं) पोट सीमध्ये लिहिलेलं आहे. तुम्ही पायथनची एक ओळ लिहिता, जड उचल खाली सी करते. त्यामुळे डेटावाल्या माणसाने लूप लिहिण्याऐवजी पूर्ण रकान्यावर एकदम क्रिया करायची सवय लावून घ्यावी लागते. नवख्यांचा कोड अडकतो तो इथे. भाषेला दोष देऊन ते मोकळे होतात, प्रत्यक्षात लूप काढला की मिनिटांचं काम सेकंदांवर येतं. निव्वळ सांख्यिकी आणि संशोधनात आर ही भाषाही चांगली मुरलेली आहे.

बॅकएंड, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं काम, हे सगळ्यांत पसरट क्षेत्र. बँका, विमा, मोठे उद्योग यांच्याकडे जावा आणि सी शार्प यांचा कोड डोंगराएवढा साचलेला आहे आणि तो सांभाळायला माणसं लागतच राहतात. नव्या आणि छोट्या कंपन्यांत नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) किंवा पायथनवरचं जँगो हे फ्रेमवर्क (ॲपचा तयार सांगाडा) दिसतं. क्लाउडची हत्यारं बनवायची असतील तर गो, कारण ॲप डब्यात भरून चालवणारं डॉकर आणि असे डबे सांभाळणारं कुबरनेटीस दोन्ही त्याच भाषेत लिहिलेले आहेत. गो आटोपशीर आहे, तिच्यात राखीव शब्द अवघे २५. ज्यांना एक भाषा आधीच येते त्यांना ती दोन-तीन आठवड्यांत वाचता येऊ लागते.

मोबाइलचं लवकर सांगून होतं. अँड्रॉइडसाठी कॉटलिन, कारण गूगलने २०१७ मध्ये तिला मान्यता दिली आणि २०१९ पासून पहिलं स्थान दिलं. आयफोनसाठी ॲपलची स्विफ्ट. एकाच कोडमधून दोन्हीकडे ॲप काढायचं असेल तर फ्लटरसाठी डार्ट किंवा रिॲक्ट नेटिव्हसाठी जावास्क्रिप्ट. गेम बनवायच्या इंजिनांत युनिटी म्हटलं की सी शार्प, अनरियल म्हटलं की सी प्लस प्लस.

कोणी विचारत नाही, पण सगळ्यांना लागते

वरच्या यादीत एका भाषेचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही: एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधली माहिती मागायची भाषा. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती टेबलांत ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली, आणि त्यावर चालणारी ही भाषा आयबीएममध्ये १९७४ च्या सुमारास आकाराला आली. तेव्हापासून कितीतरी फ्रेमवर्क आले आणि गेले, ही हललेली नाही. बॅकएंड, डेटा, टेस्टिंग, सपोर्ट, अगदी बिझनेस ॲनालिस्टच्या कामातही ती येते. पहिली भाषा कुठलीही घ्या, दुसऱ्या महिन्यापासून आठवड्याचे दोन तास एसक्यूएलला द्या.

ती वरवर सोपी दिसते, म्हणून लोक एका दुपारी उरकतात. मग हे घडतं. एका टेबलात ग्राहक आहेत, दुसऱ्यात ऑर्डर. ज्यांनी एकही ऑर्डर दिली नाही असे ग्राहक शोधायचे आहेत. सरळ मनात येणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, अशी: ज्या ग्राहकांचा क्रमांक ऑर्डरच्या टेबलातल्या ग्राहक क्रमांकांमध्ये नाही, ते दाखव. यासाठी ‘नॉट इन’ वापरतात. चाचणीत उत्तर बरोबर येतं. खऱ्या डेटावर चालवली की एकही ओळ येत नाही. एररही नाही, नुसतं रिकामं टेबल.

कारण ऑर्डरच्या टेबलात कुठेतरी एका ओळीत ग्राहक क्रमांक नल आहे, म्हणजे भरलेलाच नाही. एसक्यूएलच्या हिशेबात नल म्हणजे ‘माहीत नाही’. एखादा क्रमांक यादीत नाही असं सांगायचं तर तो यादीतल्या प्रत्येक क्रमांकापेक्षा वेगळा असायला हवा. पण ४५ हा ‘माहीत नाही’पेक्षा वेगळा आहे का? याचं उत्तरही ‘माहीत नाही’. अट पक्की खरी ठरली तरच ओळ दिसते, इथे ती कुणासाठीच खरी ठरत नाही. म्हणून तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहायचं किंवा नल आधी गाळून घ्यायचे. जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गट करून मोजणं), नलचं वागणं आणि इंडेक्स (शोध लवकर लागायची सूची) ही चार प्रकरणं नीट झाली की इंटरव्ह्यूतले एसक्यूएलचे बरेचसे प्रश्न हातात येतात.

जाहिराती कशा मोजायच्या

क्रमवाऱ्या वाचून निवड करू नका. टिओबी नावाची जी क्रमवारी दर महिन्याला फिरत असते, ती सर्च इंजिनवर भाषेच्या नावाला किती निकाल येतात यावर बेतलेली आहे. डेव्हलपरांचे जे मोठे सर्व्हे होतात, त्यांत उत्तर द्यायला जो आला त्याचीच मोजदाद होते. तुम्ही ज्या शहरात, ज्या अनुभवावर नोकरी मागणार आहात तिथे जागा किती आहेत, हे दोन्हींत कुठेच नसतं. ते तुम्हालाच मोजावं लागतं, आणि एका संध्याकाळचं काम आहे.

नोकरीच्या दोन साइट उघडा. जागा आणि शून्य ते दोन वर्षं अनुभव असे फिल्टर लावा. शोधताना भाषेचं नाव टाकू नका, कामाचं टाका: बॅकएंड डेव्हलपर, डेटा ॲनालिस्ट, एम्बेडेड इंजिनिअर असं. पहिल्या ५० जाहिराती उघडून एका स्प्रेडशीटमध्ये भरा. रकाने सहा पुरतात: तारीख, पद, मागितलेला अनुभव, मुख्य भाषा, फ्रेमवर्क, डेटाबेस व इतर टूल.

मोजताना तीन ठिकाणी फसायला होतं. एकच जागा तीन कन्सल्टन्सी तीनदा टाकतात. मजकूर शब्दशः सारखा दिसला की एकच धरा. दुसरं, जाहिरातीच्या तळाला दहा तंत्रज्ञानांची माळ असते. ती एचआरने जुन्या जाहिरातीतून उचललेली असू शकते. पदाच्या नावात किंवा कामाच्या वर्णनात जी भाषा येते तिला दोन गुण, नुसती ‘असल्यास उत्तम’ म्हणून येते तिला एक. तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त नडते: जागा किती हे दिसतं, पण त्या जागेला फ्रेशर चालतो का हे नीट वाचावं लागतं. रस्ट भाषा म्हणून उत्तम आहे, डिसेंबर २०२२ च्या लिनक्स कर्नल ६.१ मध्ये (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) तिला प्रवेशही मिळाला. पण रस्टच्या जाहिरातींत आधी दुसऱ्या भाषेत केलेल्या कामाचा अनुभव बहुधा मागितलेला असतो. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून तिचा विचार करा, पहिली म्हणून नको.

मोजणी झाली की पहिल्या क्रमांकाची भाषा डोळे मिटून घ्या असं नाही. पहिल्या दोनांत फरक थोडा असेल तर जिचं काम तुम्हाला रोज आठ तास करवेल ती घ्या. दोन्हींची एकेक छोटी वस्तू बनवून बघा, शनिवार-रविवार पुरतात.

‘येते’ म्हणजे किती येते

बायोडेटामध्ये पाच भाषा लिहिलेल्या असतात आणि पाचही बेसिक. इंटरव्ह्यू घेणारा त्यांतली एक निवडतो आणि चार प्रश्नांत तळ लागतो. चार भाषांचा पहिला पाव हिस्सा शिकलं म्हणजे एक भाषा पूर्ण होत नाही, कारण तो पाव हिस्सा चारही ठिकाणी जवळपास तोच असतो: व्हेरिएबल, इफ, लूप, फंक्शन. भाषांमधला खरा फरक त्यापुढे सुरू होतो.

एक साधं गणित बघा. उणे ७ भागिले २. जावामध्ये दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तर उणे ३, कारण ती अपूर्णांक सरळ छाटते. पायथनमध्ये दोन तिरक्या रेघांचा पूर्णांकी भागाकार केला तर उणे ४, कारण ती खालच्या पूर्णांकाकडे जाते. जावास्क्रिप्टमध्ये उणे ३.५. तीनही उत्तरं आपापल्या नियमाने बरोबर आहेत. एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत उतरवताना ही ओळ जशीच्या तशी गेली तर प्रोग्राम कुठेही ओरडणार नाही, फक्त हिशेब चुकेल.

जावातला आणखी एक नमुना. इंटिजर या प्रकारचे (साधा इंट नव्हे, आकडा ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे मेमरीतल्या वेगळ्या डबीत ठेवणारा) दोन व्हेरिएबल घ्या, दोन्हींत १२७ ठेवा आणि दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना करा. उत्तर खरं येतं. दोन्हींत १२८ ठेवा, उत्तर खोटं. कारण जावा उणे १२८ ते १२७ पर्यंतचे हे ऑब्जेक्ट तयार करून साठवून ठेवते आणि तेच पुन्हा देते. त्यापुढे प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट बनतो, आणि दुहेरी बरोबर किंमत न पाहता ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच पाहतो. किमतींची तुलना ‘इक्वल्स’ने करायची असते. छोट्या आकड्यांवर टेस्ट पास होतात आणि खरे मोठे आकडे आले की बिघाड दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. ज्याला हे का होतं ते सांगता येतं, त्याला जावा येते असं धरायला हरकत नाही.

एवढं खोल जायला वेळ किती लागतो? आठवड्याला दहा तास दिले तर सहा महिन्यांत २६० तास होतात आणि पहिल्या भाषेला तेवढे लागतात, असा आमचा अंदाज आहे. त्यातले निदान निम्मे तास स्वतः कोड लिहिण्यात आणि तो दुरुस्त करण्यात जायला हवेत. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि रिकामी फाईल उघडली की पहिली ओळ सुचत नाही, हा अनुभव बहुतेकांना येतो. उपाय कंटाळवाणा आहे: व्हिडिओ संपला की तो बंद करून तीच वस्तू न बघता पुन्हा बनवायची. या काळात डिबगर (चुका शोधायचं टूल) लावून कोड एकेक ओळ पुढे सरकवता यायला हवा, लायब्ररी बसवताना आवृत्त्यांचं भांडण सोडवता यायला हवं, गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये) ब्रांच, म्हणजे वेगळी फांदी, काढून बदल परत मिसळता यायला हवा, आणि दुसऱ्याने लिहिलेली पाचशे ओळींची फाईल वाचून त्यात एक छोटा बदल करता यायला हवा. या शेवटच्याचा सराव कोणी करत नाही, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी नेमकं तेच करावं लागतं.

फ्रेमवर्कची घाई हा आणखी एक सापळा. जावास्क्रिप्टमधलं क्लोजर (फंक्शनने भोवतालच्या किमती धरून ठेवणं) आणि प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची सोय) कळायच्या आधी रिॲक्ट (वेबपानं बनवायची लायब्ररी) सुरू केलं तर पहिल्या महिन्यात बरंच काही चालतं, मग एखाद्या बटणावर जुनीच किंमत का दिसते हे समजत नाही. दोष रिॲक्टचा वाटतो, मूळ क्लोजरमध्ये असतं.

आवृत्तीही तपासा. पायथन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी तिचे धडे अजून सापडतात. ओळखायची खूण सोपी: प्रिंटनंतर कंस नसेल तर तो धडा जुना. जावामध्ये जरा वेगळं आहे. २०१४ ची जावा ८ कंपन्यांत अजून ठाण मांडून बसलेली आहे. शिकताना १७ किंवा २१ घ्या, या दोन्ही लांब पल्ल्याच्या सपोर्टच्या आवृत्त्या आहेत. पण ८ मध्ये आलेले लॅम्डा (बिननावाची फंक्शन) आणि स्ट्रीम (यादीवर साखळीने क्रिया) पक्के करा आणि त्यानंतर काय काय आलं ते ठाऊक असू द्या.

भाषा मरेल का

बहुतेक वेळा आधी जमीन जाते, मग भाषा. ॲक्शनस्क्रिप्ट ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅशवर जगत होती. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट थांबवला आणि तिचं काम संपलं. ऑब्जेक्टिव्ह सीची जागा २०१४ नंतर स्विफ्ट घेत गेली, कारण जमीन ॲपलची आणि मालकाचा कल बदलला. जावास्क्रिप्टमध्ये बदलून चालणाऱ्या कॉफीस्क्रिप्टचं वेगळंच झालं. तिच्यातल्या सोयी जावास्क्रिप्टने २०१५ च्या आवृत्तीत स्वतःकडे घेतल्या आणि तिची गरज उरली नाही. उलट १९५९ साली आखलेली कोबॉल बँकांच्या व्यवहारांत अजून चालते. तेव्हा नवी भाषा घेताना तिचं सौंदर्य बघण्याआधी बघा की ती कशावर उभी आहे आणि ते कोणाच्या मालकीचं आहे.

दुसरी भाषा निवडताना पहिलीपेक्षा वेगळ्या जातीची घ्या. पायथननंतर रूबी शिकून नवं फार थोडं कळतं. पायथननंतर जावा, गो किंवा सी घेतली तर टाइप (किमतीचा प्रकार), कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा), मेमरी हे सगळं पहिल्यांदा समोर येतं आणि आधीची पायथनही जास्त समजते. पहिलीत निदान एक पूर्ण प्रकल्प डेटाबेससकट आणि टेस्टसकट झाल्याशिवाय मात्र दुसरीला हात लावू नका.

आता कोड लिहून देणारी एआय टूल आली आहेत, मग भाषा शिकायचीच कशाला, असंही विचारलं जातं. अशा टूलला मघाची ऑर्डर न देणाऱ्या ग्राहकांची क्वेरी लिहायला सांगितली तर ती ‘नॉट इन’ वापरून देऊ शकते आणि ती नीटनेटकी दिसेल. त्या रकान्यात नल येऊ शकतो का, हे तुमचा डेटा बघितलेल्या माणसालाच माहीत. सिंटॅक्स, म्हणजे भाषेची मांडणी, आठवण्याची किंमत कमी झाली, लिहिलेलं तपासण्याची वाढली. शिकण्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत टूलकडून उत्तर घेऊ नका, फक्त एरर मेसेजचा अर्थ विचारा.

आणि ती स्प्रेडशीट टाकून देऊ नका. सहा महिन्यांनी, अर्ज करायच्या आठवड्यात, त्याच फिल्टरने पुन्हा ५० जाहिराती मोजा. भाषांचे आकडे फारसे हललेले दिसणार नाहीत. हललेले असतील ते फ्रेमवर्क आणि टूलचे रकाने, आणि बायोडेटाची वरची चार वाक्यं त्यावरून लिहायची असतात.